साहेब, लेखी द्या

मारामारी, खंडणी, कोयते नाचवणं अशा गुन्ह्यांतल्या पोरांना पोलिसांनी त्यांच्याच गल्लीतून पायी फिरवल्याचे व्हिडिओ आपल्या प्रत्येकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येऊन गेले आहेत. परवा गाडीवर उभं राहून रील काढणारा आज लंगडत, हात जोडत चाललेला दिसतो. मागं पोलीस, दोन्ही बाजूंना मोबाईल धरलेली गर्दी. खाली प्रतिक्रिया ठरलेल्या: 'एक नंबर साहेब', 'जाळ अन् धूर संगटच'.

राग समजू शकतो. ज्या दुकानदाराकडं असल्या टोळक्यानं हप्ता मागितला असेल, त्याला ही धिंड बघून बरं वाटणारच. पण हाच व्हिडिओ पुढं आरोपीच्याच कामाला येतो, हे फारसं कुणी सांगत नाही. अनोळखी हल्लेखोर असेल तर ओळखपरेड घ्यावी लागते. साधारण सारख्या चणीच्या माणसांच्या रांगेत आरोपीला उभं करतात, आणि साक्षीदारानं त्यातून 'हाच तो' असं दाखवायचं असतं. खटला उभा राहिला की बचावाचा वकील साक्षीदाराला एकच प्रश्न विचारतो: 'हा इसम तुम्ही आधी मोबाईलवर बघितला होता का?' साक्षीदार 'हो' म्हणाला की त्या ओळखपरेडीतली हवा गेली. गल्लीतल्या टाळ्या साहेबांना मिळतात, कोर्टातला फायदा आरोपीला. आणि धरलेला माणूस भलताच निघाला तर? त्याची धिंड परत कशी घेणार?

कायद्याचं राज्य म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कडक पोलीस येतो. प्रत्यक्षात या कल्पनेचा पहिला रोख सरकारवरच आहे. तुम्ही-आम्ही कायदा पाळायचा, हे तर कुठल्याही राजवटीत असतं. हुकूमशहालाही ते आवडतंच. लोकशाहीत भर पडते ती याची, की ज्याच्या हातात दंडुका आणि शिक्का आहे त्यालाही कुठल्या कलमाखाली, कुठल्या कारणासाठी, किती दिवसांसाठी हे कागदावर लिहून द्यावं लागतं. आणि तो कागद त्याच्या ताटाखालचं मांजर नसलेल्या तिसऱ्या कुणीतरी तपासावा लागतो. नागरी स्वातंत्र्य म्हणून जे जे आपण मोजतो, म्हणजे बोलणं, फिरणं, जमणं, विनाकारण तुरुंगात न पडणं, ते सगळं व्यवहारात या दोन गोष्टींवर उभं असतं.

उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायची गरजच नाही. कारखान्याचा काटा कारखान्याच्याच हातात आणि पैसेही कारखान्यानंच द्यायचे, म्हणून काटामारीची (वजन कमी दाखवल्याची) ओरड होते आणि 'वजन बाहेरच्या काट्यावर करू द्या' अशी मागणी येते. कारखानदार चोरच असतो असं त्यात कुणी गृहीत धरत नाही. ज्याला पैसे द्यायचे आहेत त्यानंच वजन करू नये, एवढंच म्हणणं असतं. अटक करणाऱ्यानंच न्याय करू नये, यामागचं कारण तेच.

राजा चांगला होता, मग अडचण काय?

कोल्हापुरात हा विषय काढला की हमखास कुणीतरी म्हणतो, 'शाहू महाराजांच्या राज्यात कुठं होतं कोर्टकचेरीचं लफडं? महाराजांनी हुकूम दिला, काम झालं.' या बोलण्यात खोटं काही नाही. २६ जुलै १९०२ ला राखीव जागांचा हुकूम निघाला. १९१७ मध्ये सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण आलं. १९१८ मध्ये हजेरी बंद झाली.

या शेवटच्या गोष्टीचं नाव आपल्याकडं कमी घेतलं जातं. काही जाती जन्मानंच गुन्हेगार आहेत असं धरून त्यांच्या माणसांना रोज पोलिसांपुढं हजेरी लावायला लावत. गुन्हा केला असो-नसो, परगावी जायचं तर परवानगी. ब्रिटिश हिंदुस्थानात यासाठी १८७१ पासून कायदाच होता आणि तो रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांची हजेरी त्याच्या कितीतरी आधी काढून टाकली. माणसाला त्यानं केलेल्या कृत्यासाठी धरायचं, तो कुठल्या जातीत जन्मला यासाठी नाही, हे तत्त्व पुढं राज्यघटनेत समानतेच्या कलमात आलं. आपल्या दरबारातून ते आधीच निघालं होतं.

पण बारकाईनं बघा. हजेरी बंद झाली ती राजाला पटलं म्हणून. पटलं नसतं तर बेरडाच्या पोरानं कुठं जायचं होतं? दरबाराविरुद्ध दाद मागायला दरबाराच्या वरचं कोर्ट नव्हतं. शेजारच्या संस्थानात तेवढ्या मनाचा राजा नसेल, तर तिथं हजेरी चालूच राहणार. एकाच सालात, वीस मैलांच्या अंतरात, माणसाचं स्वातंत्र्य कुठल्या राजाच्या हद्दीत घर आहे यावर ठरत होतं. चांगल्या राजाचा हुकूम आणि कायद्याचं राज्य यांच्यातलं अंतर हे एवढं आहे. महाराजांबद्दल कितीही आदर असला तरी (आणि तो असायलाच हवा) हे अंतर झाकून चालत नाही.

१ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि पुढच्या २६ जानेवारीपासून राज्यघटना लागू झाली. ती बनवणाऱ्या संविधान सभेत आपल्याच भागातले, प्रजापरिषदेच्या चळवळीतून आलेले रत्नाप्पा कुंभार होते. राजानं खुशीनं दिलेले हक्क आता घटनेत आले, आणि कुणी ते मोडले तर थेट सर्वोच्च न्यायालयात जायचा हक्कही घटनेतच लिहिला गेला: कलम ३२. उच्च न्यायालयासाठी कलम २२६. घटनेतलं सगळ्यात महत्त्वाचं कलम कुठलं असं विचारलं तर मी ३२ चंच नाव घेईन, असं डॉ. आंबेडकर ९ डिसेंबर १९४८ ला संविधान सभेत म्हणाले होते. हे कलम म्हणजे घटनेचा आत्मा आणि हृदय आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. दाद मागायची सोय नसेल तर हक्कांची यादी नुसती वाचायला बरी.

'जरा चौकशीला चला'

आता दरवाज्यात पोलीस आल्यावर काय होतं ते बघू. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे नंबर बदलले, गाभा बराचसा तोच राहिला.

'जरा चौकशीला चला' हे वाक्य या संहितेत कुठंच नाही. बोलवायचं तर कागद लागतो. साक्षीदार म्हणून हवे असाल तर कलम १७९ खाली लेखी बोलावणं येतं. बाई असेल, पंधरा वर्षांखालचा मुलगा असेल, साठीपुढचा पुरुष असेल, दिव्यांग किंवा गंभीर आजारी माणूस असेल, तर त्यांना ठाण्यात बोलवायचंच नाही. पोलिसांनी घरी यायचं. संशयित म्हणून हवे असाल आणि अटकेची गरज नसेल तर कलम ३५(३) ची नोटीस येते. ती पाळली, वेळेला हजर राहिलात, तर एरवी अटक करता येत नाही. करायचीच झाली तर कारणं लिहून ठेवावी लागतात. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करू नका, आधी गरज काय ते लिहा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्येच बजावलं होतं.

आणि अटकच केली तर? अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे. अटकेचा पंचनामा जागेवर व्हायला हवा, त्यावर घरच्या माणसाची किंवा गल्लीतल्या प्रतिष्ठित माणसाची सही, आरोपीचीही सही. नातेवाइकाला कळवायचं, वैद्यकीय तपासणी करायची, चौकशी चालू असताना वकिलाला भेटू द्यायचं. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाच्या आधी अटक करायची नाही. अगदी अपवादात्मक परिस्थिती असेल तर महिला पोलीस अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन आधी मॅजिस्ट्रेटची परवानगी घ्यायची. यातलं बरंचसं सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ मधल्या डी. के. बसू निकालातून आलं. कोठडीत माणसं मरत होती आणि 'त्याला आम्ही कधी आणलंच नव्हतं' असं सांगितलं जात होतं, म्हणून कोर्टाला पंचनाम्यापासून नेमप्लेटपर्यंत सगळं सांगावं लागलं.

यातली सगळ्यात ताजी भर ६ नोव्हेंबर २०२५ ची आहे, आणि ती महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणातून आली. गुन्हा कुठल्याही कायद्याखालचा असो, अटकेची कारणं आरोपीला लेखी द्यायची आणि त्याला समजणाऱ्या भाषेत द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. जागेवर लिहून देणं शक्यच नसेल तर तोंडी सांगा, पण कोठडी मागायला कोर्टापुढं उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. नाही दिला तर अटक आणि कोठडी दोन्ही बेकायदा. मग आपण म्हणतो, 'बघा, तांत्रिक कारणावरून सुटला.' पण गुन्हा पुसला जात नाही, खटलाही चालू राहतो. आणि आपल्यावर नेमका काय आरोप आहे हे माहीत नसलेला माणूस जामिनासाठी बोलणार तरी काय?

चोवीस तासांचा नियम मात्र सगळ्यांना ऐकून माहीत असतो. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं हजर करायचं, हे घटनेच्या कलम २२ मध्येच लिहिलंय. तिथं काय घडतं? कोल्हापुरात कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात रिमांडच्या, म्हणजे कोठडी मागायच्या वेळेला उभं राहिलात तर दिसेल. आरोपीला पुढं आणतात. न्यायाधीश विचारतात, 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?' आरोपी बाजूच्या पोलिसाकडं बघतो. 'नाही.' तपासी अंमलदार मुद्दे वाचतो: हत्यार जप्त करायचंय, साथीदार शोधायचेत. वकील म्हणतात, जप्ती झालीय. 'दोन दिवस.' पुढचा.

सगळा प्रकार काही मिनिटांत उरकतो. माझ्या मते आपल्या स्वातंत्र्याचा खरा कस त्या मिनिटांत लागतो, दिल्लीतल्या मोठ्या निकालात कमी. 'काही तक्रार आहे?' हा प्रश्न पोलिसांना जरा लांब उभं करून विचारला तर उत्तर बदलेल का? बदलेल, असं कुठलाही फौजदारी वकील सांगेल. म्हणून घरच्यांनी एक गोष्ट करावी: माणूस घरातून किती वाजता नेला ते लिहून ठेवावं. सकाळी दहाला नेऊन अटक रात्री अकराला दाखवली असेल तर चोवीस तासांचा हिशेब तिथंच चुकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशानुसार प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही असायला हवेत आणि चित्रण किमान वर्षभर ठेवायला हवं. ते चित्रण मागायला तुमच्याकडं तारीख आणि वेळ तर पाहिजे.

तडीपारी आणि रोजचीच जमावबंदी

इथवर गुन्हा घडल्यानंतरचं बोललो. कोल्हापूरकराच्या कानावर रोज पडणारे दोन शब्द मात्र गुन्हा घडायच्या आधीचे आहेत: तडीपार आणि बंदी आदेश.

गणेशोत्सव किंवा निवडणूक जवळ आली की 'इतके प्रस्ताव पाठवले, इतके तडीपार' अशा बातम्या सुरू होतात. कायदा आहे महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१. कलम ५५ टोळीसाठी, ५६ आणि ५७ एकट्या माणसासाठी. माणसाला जिल्ह्याच्या, कधी लगतच्या जिल्ह्यांच्याही हद्दीबाहेर घालवतात, जास्तीत जास्त दोन वर्षं. ५७ सोडलं तर यासाठी त्याला कुठल्या कोर्टानं दोषी ठरवलेलं असायलाच हवं असं नाही. लोक भीतीपोटी उघड साक्ष द्यायला येत नाहीत, म्हणून गोपनीय जबाब घेतात. कोण बोललं ते त्याला कळत नाही.

दहशतीखाली राहणाऱ्या गल्लीला याचा उपयोग होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण याच्यात काय जातं तेही बघा: घर, कामधंदा, पोरांची शाळा. म्हणून कलम ५९ खाली आधी नोटीस द्यावी लागते, आरोपांचं साधारण स्वरूप सांगावं लागतं, म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, वकील देता येतो. आदेश झाला तर शासनाकडं तीस दिवसांत अपील. जालन्याच्या एका प्रकरणात २८ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं तडीपारीचा आदेशच रद्द केला. तडीपारी हा असाधारण उपाय आहे, देशात कुठंही फिरायच्या मूलभूत हक्कावर तो घाला घालतो, आणि कमाल दोन वर्षं द्यायची तर दोनच का, त्याचं कारण आदेशात दिसलं पाहिजे, असं कोर्टानं म्हटलं. अर्ध्या-पाऊण पानाच्या छापील मजकुरात नाव बदलून दिलेले आदेश याच प्रश्नावर कोसळतात.

बंदी आदेश त्याहून मजेशीर. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर कोपऱ्यात चार ओळी असतात, 'जिल्ह्यात अमुक तारखेपर्यंत बंदी आदेश लागू'. आपण त्या वाचत नाही. त्याच अधिनियमाच्या कलम ३७(१) ची भाषा वाचली तर हसू येईल: तलवारी, भाले, सोटे, दगड हे ठीक, पण जाहीर घोषणा, गाणी म्हणणं, वाद्यं वाजवणं, प्रतिमांचं प्रदर्शन, आवेशपूर्ण भाषणं, हावभाव आणि नकला हेही त्यात येतं. ३७(३) खाली जमाव आणि मिरवणुकीवर बंदी. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय ही जमावबंदी पंधरा दिवसांपेक्षा जास्त चालत नाही. मग पंधरा दिवस संपले की पुढच्या पंधरा दिवसांचा नवा आदेश. कधी सण, कधी जयंती, कधी आंदोलन, कारण मिळतंच.

आता आदेश असताना कोल्हापुरात मोर्चे थांबतात का? बिंदू चौक, दसरा चौक, कलेक्टर ऑफिस, कुठंही जाऊन बघा. बंदी सगळ्यांवर आहे, पण गुन्हा मात्र कुणाकुणावर. जो नियम कायम लागू असतो आणि कधीमधीच वापरला जातो, तो वापरणाऱ्याच्या मर्जीवर चालतो. आज दुसऱ्या पक्षाच्या पोरांवर वापरला म्हणून आपण गप्प, उद्या पाणी मागायला गेलेल्या बायांवर वापरला की मग कलम शोधत फिरतो. फौजदारी संहितेच्या जुन्या कलम १४४ खाली एकामागून एक आदेश काढत राहणं हा अधिकाराचा गैरवापर आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १० जानेवारी २०२० ला काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात म्हटलं. ते कलम आता १६३ झालंय. तोच तर्क ३७ ला का लागू नये, हे कुणीतरी कोर्टात विचारायला हवं.

त्याच निकालात इंटरनेटचाही विषय आहे, आणि तो आपण अनुभवलाय. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून वातावरण तापलं, ७ जूनला बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला आणि जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं. स्टेटस हा गुन्हा असेल तर फिर्याद द्यायची, कोर्टानं ठरवायचं. दुकानाची काच फोडून ते ठरत नाही. इंटरनेट बंद करण्यावरही नियम आहेत: आदेश लेखी हवा, प्रसिद्ध करायला हवा म्हणजे त्याला आव्हान देता येईल, तात्पुरता हवा, गरजेपुरताच हवा. तो आदेश मिळवून वाचावा असं तेव्हा आपल्यापैकी किती जणांना वाटलं?

अतिक्रमण आहे, मान्य. नोटीस कुठाय?

पुढच्या वर्षी, १४ जुलै २०२४ ला, विशाळगडाच्या पायथ्याला गजापुरात जे झालं त्याबद्दल आपल्याकडं अजून दबक्या आवाजात बोलतात. मागणी गडावरची अतिक्रमणं काढायची होती. गड संरक्षित स्मारक आहे, तिथली बेकायदा बांधकामं निघाली पाहिजेत, यावर दुमत असायचं कारण नाही. पण मार जमावानं दिला आणि तो पायथ्याच्या वस्तीत, लोकांच्या घरांवर पडला. नंतर प्रशासनानं भर पावसात पाडकाम सुरू केलं, तेव्हा पावसाळ्यात राहती घरं पाडण्यावरून उच्च न्यायालयानं सरकारला धारेवर धरलं.

त्याच साली १३ नोव्हेंबरला बुलडोझर कारवाईवर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. बांधकाम पाडायच्या आधी किमान पंधरा दिवसांची नोटीस, ती रजिस्टर पोस्टानं पाठवायची आणि इमारतीवर चिकटवायची, म्हणणं ऐकून घ्यायचं, अंतिम आदेशात कारणं लिहायची, पाडकामाचं चित्रीकरण करायचं. नियम मोडले तर अधिकाऱ्याच्या खिशातून भरपाई. रस्ता, फुटपाथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागेवरच्या अतिक्रमणाला हे संरक्षण नाही, तेही कोर्टानं स्पष्ट केलं. निकालाचा मूळ मुद्दा असा: माणूस आरोपी आहे म्हणून त्याचं घर पाडता येत नाही. गुन्ह्याची शिक्षा गुन्ह्याच्या कायद्यानं. घर बेकायदा असेल तर बांधकामाच्या कायद्यानं. आणि दोषी ठरला तरी त्या घरात राहणाऱ्या म्हातारीनं काय केलं?

पानसरे अण्णा आणि जामीन

हे सगळं आपल्याला न आवडणाऱ्या माणसालाही लागू करता येतं का, इथं गाडी अडते.

कोल्हापूरचे कम्युनिस्ट नेते कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी, फिरून घरी परतताना गोळ्या झाडल्या; त्यांच्या पत्नी उमाताईही जखमी झाल्या. २० तारखेला अण्णा गेले. खटल्यात आरोप निश्चित व्हायला २०२३ उजाडलं. आणि जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं सहा आरोपींना जामीन दिला. कारण? वर्षानुवर्षं ते तुरुंगात होते आणि खटला नजीकच्या काळात संपायची चिन्हं नव्हती.

त्या दिवशी शहरात अनेकांच्या तोंडाची चव गेली. माझीही. पण अण्णा स्वतः वकील होते, कामगारांची, बिनपैशाच्या माणसांची बाजू त्यांनी मांडली. दोषी ठरायच्या आधीच माणसाला अमर्याद काळ आत ठेवता येत नाही, हा नियम त्या बिनपैशाच्या माणसाला वाचवायला आहे, आणि तो आपल्या सोयीनं वाकवता येत नाही. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. राग काढायचाच तर आरोप निश्चित करायला आठ वर्षं का लागली यावर काढावा. खटला वेळेत चालला असता तर जामिनाचा हा मुद्दा एवढा जड झालाच नसता.

ज्यांना वाटतं की एवढं काटेकोर कशाला, त्यांनी आणीबाणीतला एक प्रसंग वाचावा. माणसाला बेकायदा डांबलं तर कोर्टात हजर करा असं सांगणारा अर्ज म्हणजे हेबियस कॉर्पस. आणीबाणीत तो हक्क उरतो का, यावर १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणी होती. न्यायमूर्ती खन्नांनी सरकारच्या ॲटर्नी जनरलना विचारलं, एखाद्या पोलिसानं वैयक्तिक वैरातून माणूस मारला तरी दाद नाही? आणीबाणी असेपर्यंत नाही, असं उत्तर आलं. पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू उचलून धरली. एकटे खन्ना विरोधात गेले. त्या चौघांत आपल्या महाराष्ट्राचे यशवंत चंद्रचूड होते. २०१७ मध्ये तो निकाल चुकीचा होता असं लिहिणाऱ्या न्यायमूर्तींत त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. मधल्या काळात, १९७८ मध्ये, ४४ वी घटनादुरुस्ती झाली; आता आणीबाणीतही जगण्याचा आणि स्वातंत्र्याचा हक्क तहकूब करता येत नाही.

दाद मागायची कुठं

हे हक्क आपल्या सहा जिल्ह्यांना परवापरवापर्यंत मुंबईला जाऊन मिळायचे. चंदगडच्या माणसाला आधी कोल्हापूर गाठायचं, मग रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, मुंबईत वकील, मुक्काम, आणि तारीख पुढं गेली की पुन्हा तेच. वकिलांनी चाळीसेक वर्षं खंडपीठासाठी आंदोलनं केली. अखेर १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग ही त्याची हद्द. तडीपारीचा आदेश, बेकायदा अटक, पाडकामाची नोटीस, यातलं काहीही आता इथंच आव्हान देता येतं. वडापची जीप पकडून उच्च न्यायालयात जाता येतं, ही गोष्ट माझ्या पिढीला अजून खरी वाटत नाही.

वकिलाला द्यायला पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याखाली बायकांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसांना आणि कोठडीत असलेल्या कुणालाही, उत्पन्न न विचारता, मोफत वकील मिळतो. आणखी काही गट सोडले तर बाकीच्यांना उत्पन्नाची अट आहे. जिल्हा न्यायालयातच कार्यालय असतं, फोन १५१००. बिंदू चौकाच्या सबजेलमध्ये किंवा कळंब्याच्या तुरुंगात कुणी असेल तर तुरुंगातूनही अर्ज जातो.

ठाण्यात फिर्याद घेत नसतील तर तीच तक्रार लिहून पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, तिथंही हलली नाही तर मॅजिस्ट्रेटकडं जाता येतं. गुन्हा दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत घडला हे फिर्याद न घेण्याचं कारण होत नाही. झीरो एफआयआर घ्यावीच लागते आणि तिची प्रत फुकट मिळते. 'साहेब नाहीत, उद्या या' असं ऐकायला मिळालं तर अर्जाच्या दोन प्रती न्या. एक टेबलावर द्या. दुसरीवर आवकचा शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या, आणि ती मिळेपर्यंत बाकड्यावर बसून राहा.